न वाचलेल्या ओळी

"सही इथं करायची," असं म्हणून लॅबच्या मालकांनी टाइप केलेला कागद टेबलावरून पुढे ढकलला. "तपास आम्ही केलेला आहे. तुम्ही डोकं शिणवायचं कारण नाही."

सासरेबुवांनी कागद उचलला आणि सावकाश वाचायला घेतला. शेजारी जावईबापू उभे होते. त्यांना अजून कुणी बसा म्हटलं नव्हतं.

सासरेबुवा हे काही त्यांचं नाव नव्हे. विमा कंपनीसाठी अपघातांची पाहणी करण्यात त्यांची नोकरी सरली, आणि निवृत्तीनंतर ते खासगी तपासाची कामं घेऊ लागले. बाबांना एकटं फिरू द्यायचं नाही, असं मुलीनं नवऱ्याला बजावलं होतं. तेव्हापासून मोटार ड्रायव्हिंगचा क्लास चालवणारे जावईबापू प्रत्येक तपासाला हजर असत, आणि या जोडीला सगळे याच नावांनी ओळखत.

कागदावरचा मजकूर थोडका होता. मालकांच्या लॅबमध्ये लिफ्टचे पोलादी दोर तपासले जात. प्रत्येक दोराचा एक तुकडा तिथं यायचा आणि मशीनवर तुटेपर्यंत खेचला जायचा. ठरलेल्या वजनाच्या आत तुटला, तर अहवालात त्याचा नंबर लाल अक्षरांत यायचा आणि तो दोर बाद व्हायचा. जो लाल नाही, तो पास. गेल्या महिन्यात एका इमारतीची लिफ्ट कोसळली आणि आतला दुरुस्तीवाला जागीच मेला. त्या दोराचा तुकडा मशीनवर फारच लवकर तुटला होता, पण अहवालात त्याचा मागमूस नव्हता. अहवाल बनवणाऱ्या संख्याशास्त्रज्ञ बाईंनी ती ओळ जाणूनबुजून गाळली, असं कागद म्हणत होता.

"या बाई म्हणजे तुमची थोरली सून," सासरेबुवा म्हणाले.

"घरी सून. इथं पगारी नोकर."

"त्या ओळ कशाला गाळतील?"

"ते पोलीस काढतील तिच्याकडून. विमा कंपनीला बाहेरच्या माणसाची सही लागते आणि तुमच्या सहीला तिथं अजून मान आहे, म्हणून तुम्हाला बोलावलं. एरवी मला कुणाची गरज पडत नाही. ही लॅब मी उभी केली. आजही सकाळी सगळ्यांच्या आधी मी येतो. इथं येणारा प्रत्येक तुकडा आधी माझ्या हातून जातो, मग आत. पोरं उन्हं वर आल्यावर उगवतात."

"कॉम्प्युटर वापरता?"

"तो सुरू कुठून करतात, तेही मला ठाऊक नाही."

सासरेबुवांनी कागदाची घडी घातली. "संध्याकाळी येतो. तोवर तुमच्या माणसांशी बोलेन. आणि त्या बाईंच्या प्रोग्रॅमची छापील प्रत लागेल मला."

"सही टाळायला पळवाट शोधताय."

"वाचल्याशिवाय सही करत नाही, एवढंच."

"संध्याकाळपर्यंत वाट बघेन," मालक म्हणाले. "मग सही करणारे दुसरेही मिळतात."

बाहेर आल्यावर जावईबापूंनी सुस्कारा सोडला. "मामा, पाणीसुद्धा विचारलं नाही हो."

"बरं झालं. पाणी प्यायलं की माणूस मिंधा होतो."

मागच्या शेडमध्ये तेलाचा उग्र वास होता. मध्यभागी दोन जबड्यांचं उंच मशीन, त्याभोवती लोखंडी जाळी. मशीनवाला हात पुसत पुढे आला, पण वाट सोडून बाजूला झाला नाही.

"तो अपघात माझ्या गळ्यात बांधायला आलात काय?"

"तुम्ही काय करता, तेवढं सांगा."

"खेचतो. तुटला की वजन टॅगवर लिहितो. टॅग आधीच बांधलेला असतो, नंबर टाकलेला. मग धाकटे साहेब येतात, टॅग बघून टाइप करतात, आणि तुकडे मी मागच्या खोलीत टाकतो. टॅगसकट."

"तो तुकडा लवकर तुटला तेव्हा कुणाला बोललात?"

"धाकट्या साहेबांना. ते म्हणाले, वजन लिही आणि गप्प राहा, लाल करायचं काम बाईंचं आहे." मशीनवाल्यानं फडकं जाळीवर आपटलं. "इथं भाऊ भावाशी बोलत नाही. मी कुणाकुणाला सांगत फिरू?"

धाकटा मुलगा काचेच्या खोलीत बसला होता. तो उठला नाही. सासरेबुवांचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यानं स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला.

"हा मी पाठवलेला मेसेज. ती ओळ आहे की नाही, बघून घ्या."

जावईबापूंनी वाकून मोठ्यानं वाचलं. "हॅश दोनशे चौदा. मग कारखान्याचं नाव, मग वजन. आहे की, मामा."

"माझ्याकडून ओळ गेली," धाकटा म्हणाला. "टॅगवर असेल ते जसंच्या तसं टाइप करायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही, हा बाबांचा नियम. तो मी पाळला. पुढे ती वहिनीकडे गहाळ झाली. विषय संपला."

"वहिनींशी जमत नाही वाटतं."

"कुणाशीच जमत नाही. दोन वर्षं झाली, मी खाली जेवायला जात नाही. वरच्या मजल्यावर माझं मी शिजवतो. आणखी काही घरगुती विचारायचंय?"

"नाही," सासरेबुवा म्हणाले. "पुरे झालं."

थोरला मुलगा ग्राहकांचं बघायचा. कुठला दोर कुठल्या इमारतीत बसला, ही माहिती त्याच्याकडे असे. बायकोचा विषय निघताच त्यानं दार लावून घेतलं.

"माझी बायको आहे म्हणून मी तिची बाजू घेईन, असं समजू नका. बाबा असताना इथं चूक होत नाही. ते नसले की काय होतं, ते बघितलंय मी. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आठवडाभर घरी होते. त्याच आठवड्यात एक तुकडा लाल निघाला, आणि तो नेमका आमच्या व्याह्यांच्या कारखान्याचा."

"व्याही म्हणजे?"

"बहिणीचे सासरे. दोर बनवतात. तिला त्या घरात काय काय ऐकावं लागलं असेल. पण हिनं विचार केला का? लाल करून मोकळी झाली."

"त्याच्या आधी त्यांचा कधी लाल निघाला होता?"

"सुरुवातीला एखादा असेल. गेल्या दीड-दोन वर्षांत तेवढा एकच."

"कोसळलेल्या लिफ्टचा दोर कुणाचा?"

थोरल्यानं टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवला. "त्यांचाच."

"म्हणजे तुमच्या पत्नीनं एकदा व्याह्यांचा दोर सगळ्यांचा रोष पत्करून बाद केला, आणि नंतर त्यांचाच दोर लपवला."

"घाबरली असेल. मला नका विचारू. मला ऑफिस चालवायचंय."

सूनबाई आईच्या दोन खोल्यांच्या घरी राहायला गेल्या होत्या. त्यांनी दार साखळीएवढंच उघडलं.

"सही करणारे तुम्हीच ना? करा आणि जा. मला कशाला तोंड दाखवता?"

"सही केलेली नाही," सासरेबुवा म्हणाले. "प्रोग्रॅमची प्रत आणलीय. मला त्यातलं कळत नाही. समजावून सांगणारं दुसरं कुणी नाही."

साखळी निघाली.

घरात शिलाईचं मशीन आणि कपड्यांचे ढीग होते. सूनबाईंनी एका खुर्चीवरचे कपडे उचलले, दुसरीवरचे तसेच ठेवले. जावईबापू पुन्हा उभे राहिले.

"अपघात झाला त्या दिवशी लॅपटॉप काढून घेतला माझ्याकडून," त्या म्हणाल्या. "मी ओळ खोडली, असं सगळे म्हणतात. मी खोडलेली नाही. पण बघायला मिळालं तर ना."

"काम कसं चालतं?"

"दिराचा मेसेज येतो, साधा मजकूर. मी तो आख्खा उचलते आणि प्रोग्रॅममध्ये अवतरण चिन्हांच्या आत टाकते. मग एक आज्ञा त्या मजकुराचा तक्ता करते. मजकुरातली एक ओळ म्हणजे तक्त्यातली एक ओळ, आणि मधे जागा सोडली की पुढचा रकाना. पुढचा हिशेब त्या तक्त्यावर. वजन कमी असेल तो नंबर लाल."

"म्हणजे मशीनला मजकूर दिसत नाही, तक्ता दिसतो."

"हो. दोनशे-दोनशे ओळी असतात. तक्त्यात जे आलं नाही, ते जगात नाही." त्यांनी कागद हातात घेतले आणि त्या आठवड्याचं पान काढलं. बोट ओळींवरून खाली सरकत गेलं आणि थांबलं.

"हे काय आहे?"

सासरेबुवा पुढे वाकले.

"हॅश, म्हणजे #. ओळीच्या सुरुवातीला." त्यांनी बोट त्या खुणेवर टेकवलं. "ही खूण दिसली की ती आज्ञा पुढचं सगळं टीप समजते आणि सोडून देते. ओळच्या ओळ. चूक दाखवत नाही, कुरकुर करत नाही. माणसाला वाटतं, नंबर लिहायची पद्धत आहे. ओळ इथंच आहे, आणि वाचली गेलीच नाही." त्यांनी कागद खाली आपटला. "दिरानं केलं. मेसेज तोच टाइप करतो."

"या पानावर अशा किती ओळी आहेत?"

"तीन. तिन्ही व्याह्यांच्या कारखान्याच्या."

"जावईबापू, वजनं वाचा जरा."

जावईबापूंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "हा पहिला मर्यादेच्या खूप वर आहे. दुसरा मर्यादेच्या खाली, तोच दोनशे चौदा. तिसरा पुन्हा वर. मामा, दोन तर झकास पास आहेत."

"बाकीच्या पानांवरही तसंच आहे," सासरेबुवा पानं उलटत म्हणाले. "सूनबाई, ही खूण ओळ गिळते, हे कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"पावणेदोन वर्षांपूर्वी एकदा असं झालं होतं. तेव्हा सगळ्याच नंबरांना हॅश लावायला सुरुवात झाली, आणि तक्ता रिकामा आला. मी घरी जेवताना सांगितलं. आम्ही तिघंच होतो, मी, नवरा आणि सासरे. मी म्हटलं, आज्ञेत एक छोटी दुरुस्ती केली की हॅशची भानगडच राहणार नाही. सासरे म्हणाले, प्रोग्रॅमला सरकारी मंजुरी आहे, त्याला हात लावायचा नाही. खूण बंद करायला सांगतो. आणि खूण बंद झाली."

"दीर?"

"तो वर जेवतो." त्या थबकल्या. "त्याला कुणी सांगितलं असेल?"

सासरेबुवा उठले. "संध्याकाळी लॅबमध्ये या."

"मला दारातून आत घेत नाहीत."

"माझ्याबरोबर या."

लॅबवर परतल्यावर ते दोघे आधी शेडमागच्या खोलीत गेले. तुटलेल्या तुकड्यांचा ढीग कमरेएवढा होता. जावईबापूंचे हात काळे झाले, तेव्हा कुठं दोनशे चौदा सापडला. पुठ्ठ्याच्या टॅगवर जाड काळ्या मार्करनं हॅश आणि नंबर होता. खाली पेन्सिलीनं वजन.

"म्हणजे धाकट्यानं मनानं टाइप केलेलं नाही," जावईबापू म्हणाले. "खूण टॅगवरच आहे. मग मशीनवाला. तोच टॅगवर लिहितो."

"कशानं लिहितो?"

"पेन्सिलीनं," जावईबापू म्हणाले, आणि टॅग पुन्हा निरखू लागले.

संध्याकाळी मालकांच्या खोलीत सगळे जमले. धाकटा खिडकीशी, थोरला दाराशी, मशीनवाला भिंतीला टेकून. सूनबाई आत आल्या तेव्हा मालक खुर्चीतून अर्धे उठले.

"हिला कुणी बोलावलं?"

"मी," सासरेबुवा म्हणाले. "यांनी ओळ खोडलेली नाही. ओळ जागच्या जागी आहे. तिच्यापुढे हॅश लावला होता, आणि हॅश लागलेली ओळ यांचा प्रोग्रॅम वाचत नाही."

थोरल्यानं धाकट्याकडे बघितलं. "टाइप हा करतो."

"टॅगवर होतं तेच केलं," धाकटा म्हणाला. "मला काय माहीत तुमच्या खुणा?"

"खरं आहे," सासरेबुवा म्हणाले. "हॅशचा गुण ज्या जेवणात निघाला, तिथं हे नव्हते. जाणणारे तिघंच. पण त्याआधी दुसरी गोष्ट बघा. ज्याला नापास तुकडे लपवायचेत, तो काय करेल? नापासांना खूण लावेल, पास झालेल्यांना सोडून देईल. इथं तसं नाही. व्याह्यांच्या कारखान्याचा प्रत्येक तुकडा, मग तो चांगला असो की वाईट, खूण लावून आलाय. सगळ्यात मजबूत तुकड्यालाही खूण आहे. असं कोण करेल?"

"ज्याला निकाल ठाऊक नाही, तो," जावईबापू हळूच म्हणाले, आणि आपण बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं.

"बरोबर. मशीनवाल्यांना वजन ठाऊक होतं. धाकट्यांना ठाऊक होतं. सूनबाईंपुढे तर सगळेच आकडे होते. यांच्यापैकी कुणी केलं असतं, तर चांगले तुकडे मोकळे राहिले असते. खूण लागली ती खेचण्याच्या आधी. तुकडा दारात आला, त्याला टॅग बांधला गेला, नंबर पडला, तेव्हा."

"टॅग कुणीही बांधेल," मालक म्हणाले.

"टॅग कोण बांधतं?" सासरेबुवांनी मशीनवाल्याला विचारलं.

मशीनवाल्यानं मालकांकडे बघितलं नाही. "मी येतो तेव्हा बांधलेले असतात. सकाळी सकाळी साहेब एकटेच असतात."

"प्रत्येक तुकडा आधी तुमच्या हातून जातो, हे तुम्हीच मला अभिमानानं सांगितलंत. तुमचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्या आठवड्यात टॅग दुसऱ्या कुणी बांधले. त्याच आठवड्यात व्याह्यांचा तुकडा लाल निघाला. आधी नाही, नंतर नाही. तुमच्या थोरल्याला वाटलं, तुम्ही नसलात की इथं चुका होतात. तुम्ही नव्हतात म्हणून त्या आठवड्यात इथलं काम बरोबर झालं."

"मला कॉम्प्युटर सुरू करता येत नाही," मालक म्हणाले. पण आता त्यात सकाळचा जोर नव्हता.

"गरजच नव्हती. मार्कर पुरला. सूनबाई ते भोक बुजवायला निघाल्या होत्या. मंजुरीचं कारण सांगून तुम्ही ते उघडं ठेवलंत."

थोरला दारापासून पुढे आला. "बाबा, हे बोलताहेत ते खोटं आहे, असं म्हणा."

मालकांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

"त्या एका लाल तुकड्यानंतर व्याह्यांनी माझ्या पोरीला चार दिवस जेवायला बोलावलं नाही," ते म्हणाले. "एका घरात राहून. व्याही मला फोनवर म्हणाले, पुढचा दोर बाद झाला तर मुलगी दारात आणून सोडतो. लग्नापासून हेच चाललंय. मी बाप आहे. दोर बहुतेक चांगलेच असतात त्यांचे."

"बहुतेक," सासरेबुवा म्हणाले.

"तुटेल असं वाटलं नव्हतं."

"आणि तुटल्यावर?" हे सूनबाईंनी विचारलं. "तुटल्यावर तुम्हाला कळलं होतं ना, कशामुळे ते? तरी माझं नाव टाइप करवून घेतलंत. तुमची मुलगी सासरी सुखी राहावी म्हणून मला तुरुंगात पाठवत होतात."

थोरला काहीतरी पुटपुटत बायकोजवळ गेला. त्यानं तिच्या खांद्याला हात लावला. तिनं तो झटकला नाही, नुसती एक पाऊल बाजूला झाली. हात हवेत राहिला.

"लॅपटॉप कुठाय माझा?"

मालकांनी कपाटाकडे बोट केलं, आणि जावईबापूंनी तिथून तो काढून दिला. सूनबाई टेबलाच्या कडेलाच बसल्या, आज्ञेत ती छोटी दुरुस्ती केली आणि दीड-दोन वर्षांचा सगळा मजकूर पुन्हा वाचायला लावला. मग त्यांनी स्क्रीन थोरल्याकडे वळवला.

"दोनशे चौदा सोडून आणखी चार लाल आहेत. हे दोर आत्ता कुठंतरी वर-खाली करताहेत. तू इमारती सांग, हा फोन करेल." 'हा' म्हणजे धाकटा. दोन वर्षांत भावांनी एकमेकांशी शब्द काढला नव्हता. थोरल्यानं पहिल्या इमारतीचं नाव सांगितलं ते भिंतीकडे बघून. धाकट्यानं नंबर फिरवला तोही भिंतीकडे बघून. पलीकडचा माणूस लिफ्ट थांबवायला तयार नव्हता. धाकट्यानं अशा शब्दांत समजावलं की जावईबापूंनी कानांवर हात ठेवले. लिफ्ट थांबली.

दुसरी इमारत दवाखान्याची होती. तिथं लगेच ऐकलं. तिसरीत फोन उचलायला वेळ लागला. सासरेबुवा दरम्यान पोलिसांशी बोलून आले आणि दाराशी उभे राहिले.

"चौथी?" सूनबाईंनी विचारलं.

थोरल्यानं आपली वही बघितली, पुन्हा बघितली. "चौथी..." तो म्हणाला आणि थांबला. मग त्यानं बापाकडे बघितलं. "व्याह्यांनी स्वतः राहायला नवी इमारत बांधली, ती. नवव्या मजल्यावर राहतात सगळे."

मालक उठले. त्यांनी खिशातला फोन काढला. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं आणि तिसऱ्यांदा फोन हातातून टेबलावर पडला. धाकटा पुढे झाला, पण त्याच्या आधी सूनबाईंनी तो उचलला. नणंदेचा नंबर त्यांना पाठ होता.

"मी बोलतेय," त्या म्हणाल्या. "वहिनी. हो, माझाच आवाज आहे. बाबांचा फोन आहे. का ते नंतर सांगते. आधी ऐक, तुमच्या लिफ्टमध्ये कुणालाही चढू देऊ नकोस. कुणालाही म्हणजे कुणालाही, तुझे सासरे आले तरी. वॉचमनला सांगून बंद कर."

पलीकडून काहीतरी लांबलचक विचारलं गेलं. सूनबाईंनी मालकांकडे एकदाच बघितलं.

"नाही, ते काय म्हणतील याची काळजी तू करायची नाही. तुझी बॅग भर आणि जिन्यानं खाली ये. मी येतेय न्यायला."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि जावईबापूंना म्हणाल्या, "गाडी तुमच्याकडे आहे ना?"

"आहे," जावईबापू म्हणाले आणि किल्ली चाचपत त्यांच्या मागोमाग निघाले.